निळी पट्टी

"नीरा, धावत ये! निळी पट्टी गेली!"

फोनवर दीनानाथकाकांचा आवाज कापत होता. नीराने पाणीगेटच्या नाक्यावरूनच रिक्षा वळवून नाट्यगृह गाठलं. दुपारचा एक वाजला होता. स्पर्धेचं नाटक चारला.

विंगेतल्या टेबलावर रंगपेटी उघडी होती. ही पेटी दिव्याच्या तोंडाशी बसते. आत रंगीत जिलेटिन कागदाच्या दोन लांब पट्ट्या, एक पिवळ्या छटांची, एक निळ्या. त्या एकमेकींपुढे सरकल्या की हवी ती छटा मिसळून मिळते. आता निळ्या पट्टीचे रूळ रिकामे होते. शेवटच्या प्रवेशातली संध्याकाळच गेली होती.

"बक्षीस गेलं तर गेलं," काका म्हणाले, "पण लोक म्हणतील, म्हातारा पट्टी कुठेतरी विसरला. मंडळ मला पुन्हा दिव्याला हात लावू देणार नाही. मग जगायचं कशाला?"

शेजारी लीलाकाकू मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. समोर डबा. त्यावर चिकटपट्टीने काकांचं नाव लावलेलं, चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं. "दोन घास खा हो," त्या विनवत होत्या. पण ऐकतो कोण!

नीराने सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. पोरांची लबाडी पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"पेटीपासून तुम्ही लांब कधी होतात?"

"बारा वाजता. शिडी आणायला गेलो."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"ही होती. आणि हा देवेश!"

मंडळाचा नवा एलईडीवाला, गुजराती देवेश उसळला. "बस ने, पुरे करा, काका! माझे दिवे बटणावर रंग बदलतात. तुमची पट्टी मला काय कामाची?"

"माझी जागा हवी ना तुला!"

"हवी असती तर मागितली असती. चोर नाही मी." त्याचे डोळे भरून आले.

नीरा पेटीवर वाकली. काढलेले स्क्रू बशीत नीट ठेवलेले. रुळांवर चिकटपट्टीचे तुकडे तसेच, आणि प्रत्येकाचं टोक दुमडलेलं.

"काका, पट्ट्या जोडतं कोण?"

"लीला. घरी, जेवणाच्या टेबलावर. माझी नजर पोचत नाही आता."

"आणि पेटी टांगतं कोण?"

"मीच! अठरा फुटांवर. दुसऱ्या कुणाला शिडीला हात लावू देत नाही मी."

नीरा लीलाकाकूंसमोर बसली. "काकू, द्या ती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं.

"वैरी असता तर पट्टी कापून टाकली असती," नीरा म्हणाली. "इथे पुन्हा लावताना नखात यावी म्हणून चिकटपट्टीची टोकं दुमडलीत. डब्यावरच्या नावासारखीच. पट्टी नाही तर पेटी टांगायची नाही, आणि पेटी टांगायची नाही तर काकांनी शिडी चढायची नाही. खरं ना?"

काकूंनी पिशवीतून मलमलीत गुंडाळलेली पट्टी काढली.

"सोमवारी हे चक्कर येऊन पडले न्हाणीघरात. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, उंचावर चढायचं नाही. यांनी मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. सांगता येईना, अडवता येईना. काय करणार होते मी? बुडू दे नाटक. मला हे हवेत."

काकांनी काकूंच्या हातातून पट्टी घेतली. मग ती देवेशपुढे धरली.

"मघाशी वाईट बोललो, पोरा. घे. चढ तूच. मी खालून सांगतो."

देवेश शिडी चढू लागला.

"शपथ मोडलीस," काका हळूच म्हणाले.

"मोडली," काकूंनी डोळे पुसत डबा उघडला. "आता जेवा."

वरून हाक आली. "काका, निळी पुढे की मागे?"

तोंडात घास असतानाच काका ओरडले, "मागे!"