नको नको म्हणणारा पाहुणा

वाळवंटातल्या आमच्या यज्द शहरात भर दुपारी काखोटीला छत्री मारून फिरणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे पाऊस वर्षातून दोनदा येतो, तोही वाट चुकल्यासारखा. हा मात्र आमच्या दारावरून तिसऱ्यांदा गेला, गल्लीच्या टोकाच्या भिंतीला तिसऱ्यांदा अडला आणि परत आला.

मी नुकतीच शाळेतून येऊन दारात टेकले होते.

"जामे मशिदीकडे निघाला असाल, तर ती तुमच्या पाठीमागे आहे," मी म्हटलं.

"सकाळपासून ती माझ्या पाठीमागेच आहे," तो म्हणाला.

मला हसू आलं. मग जेवणाच्या वेळी दारातल्या माणसाला जे म्हणायचं असतं, ते मी म्हटलं, "आत या ना, चार घास खाऊन जा."

याला आमच्याकडे तआरुफ म्हणतात. आपण 'या' म्हणायचं, समोरच्यानं 'नको' म्हणायचं. असं तीनदा झालं की दोघांनी समाधानानं आपापल्या वाटेला लागायचं. देशभरातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं.

"नको," तो म्हणाला.

"असं कसं… तुमचे पाय आमच्या डोळ्यांवर."

"नको, नको."

"आई माझ्यावर रागावेल."

"मग येतो."

येतो?

आईनं शोलीत, म्हणजे बीट-मसुराच्या घट्ट सुपात, गुपचूप पाणी वाढवलं आणि मला डोळ्यांनीच खाल्लं. तो मात्र छतावरून घरात वारा ओढणाऱ्या मनोऱ्याखाली जाऊन बसला. वरून येणाऱ्या गार झुळकीनं त्याचे केस उडत होते आणि तो हात न थांबवता जेवत होता. त्याचं नाव बामदाद. उत्तरेच्या रश्त शहराचा, जिथे छत्रीशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. मुलांना पोहायला शिकवायचा.

"मग या वाळवंटात काय करताय?" मी विचारलं.

"आल्यापासून गटांगळ्या खातोय," तो म्हणाला… आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी उगाचच पाव पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी तो अक्रोडाच्या वड्या घेऊन आला. तिसऱ्या दिवशी काहीच न घेता आला, आणि मला तेच जास्त आवडलं. चौथ्या दिवशी माझ्या मावशीनं घोळ घातला.

"अरे राजा," ती लाडानं म्हणाली, "माहरुखनं पहिल्या दिवशी तुला नुसतं म्हणायचं म्हणून बोलावलं होतं. आणि तू खरंच आलास."

तो कानापर्यंत लाल झाला. तेव्हापासून सगळ्याला नकार. चहा? नको. खरबूज? नको. बसा तरी? नको, निघतोच. उंबऱ्याबाहेर उभं राहून हवापाण्याच्या गप्पा मारायचा, तेही यज्दच्या हवेच्या, जी कधी बदलतच नाही.

शुक्रवारी तो पाठीवर पिशवी टाकून निरोप घ्यायला आला. बस पाचची होती. त्याची सुट्टी मात्र सोमवारपर्यंत होती, त्यानंच मला सांगितलं होतं. आता हा असाच गेला, तर मी जे काही बोलले ते सगळं वरवरचं होतं असं समजूनच आयुष्य काढणार.

"दोन दिवस थांबा ना," मी म्हटलं.

"नको, तुम्हाला उगाच त्रास."

"मनापासून म्हणतेय."

"मनापासून तर सगळेच म्हणतात, खानूम. आज सकाळी तिकीटवाल्यानंही मला घरी राहायला बोलावलं."

"शपथेवर सांगते."

"शपथ तुमच्या मावशीनंही घातली होती. खरबुजासाठी."

मी चाळीस मुलांना वजाबाकी शिकवते, एरवी माझा आवाज चढत नाही. पण त्या क्षणी वाटलं, साऱ्या गावानं गोड शब्द वापरून वापरून झिजवलेत आणि माझ्या वाट्याला एकही धड उरलेला नाही.

अंगणात, हौदाजवळ, दुपारच्या जेवणाची भांडी पडली होती. आमच्या घरात पाहुण्याला स्वतःचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत. ताईच्या नवऱ्यानं चमचा विसळायला घेतला तोच लग्नाला दोन वर्षं झाल्यावर.

मी बामदादच्या खांद्यावरची पिशवी काढून आत ठेवली.

"बाह्या वर करा. भांडी पडलीत."

आईच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. "माहरुख… पाहुण्याला सांगतेस?"

"तो पाहुणा नाही," मी म्हटलं.

त्यानं भांड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे… तुम्ही नुसतं म्हणायचं म्हणून तर—"

"मोठं पातेलं आधी घ्या. तळाला करपलंय."

तो नळाशी उकिडवा बसला आणि घासायला लागला. मी शेजारी बसून विसळत होते. साबणाच्या फेसात त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि त्यानं ती काढून घेतली नाहीत.

"बस पाचला आहे," तो हळूच म्हणाला.

"सुटू दे."

"तळ काही निघत नाहीये."

"मग उद्या घासा."

"परवाही निघाला नाही तर?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात आई आली. तिनं एक जुनी, काळीकुट्ट कढई आणून त्याच्यासमोर ठेवली.