बांधाआडचे मासे

कोरड्या दिवसांत टुंबा सरोवराकाठच्या जंगलातलं पाणी ओसरतं आणि मागे डबकी उरतात. त्यातल्या एकाला एयेंगा आणि तिची नणंद बोलुंबु यांनी सकाळीच मधोमध चिखलाचा बांध घातला आणि घट्ट विणलेल्या टोपल्यांनी पाणी पलीकडे उपसायला घेतलं.

"लोक्वा असता, तर काठावर बसून नुसते हुकूम सोडले असते त्यानं," बोलुंबु म्हणाली.

एयेंगा हसली नाही. लोक्वा, तिचा नवरा, होडी घेऊन म्बांडाका शहराला गेला, त्याला तीन महिने झाले होते. निरोप नव्हता.

दुपारी तळ उघडा पडला. बोटभर लांबीचे, तपकिरी, काटेरी कल्ल्यांचे मासे चिखलात तोंड वर करून पडले होते. हे मासे हवा घेतात, पाण्याबाहेरही लवकर मरत नाहीत. त्याचं दोघींना नवल नव्हतं. टोपली अर्धी भरली, तेव्हा एयेंगाचा हात थांबला.

सगळे मासे एकदमच तोंड उघडत होते. दोन आखूड श्वास. मग काहीच नाही. मग एक लांब, शेवटी किंचित अडखळलेला. पुन्हा दोन आखूड.

अकरा वर्षं ती त्या श्वासाशेजारी झोपली होती.

"वन्सं, ऐकताय?"

"मला काही ऐकू येत नाही." बोलुंबुनं टोपलीकडे पाठ केली होती. लहानपणी भावाच्या चटईवर तीच झोपायची.

"बांध फोडू या."

"आणि पोरं काय खातील? कोरडा कसावा?"

एयेंगानं टोपली उलटी केली आणि टाचेनं बांध फोडला. पाणी आत आलं. मासे गेले. बोलुंबुनं तिला अडवलं नाही.

चौथ्या दिवशी लोक्वा आला. धडधाकट. होडी उलटली, बुडता बुडता वाचलो, म्हणाला. पोरांना खांद्यावर घेतलं, रडणाऱ्या बहिणीला चिडवलं, पोटभर जेवला आणि चटईवर आडवा झाला.

एयेंगा शेजारी बसून राहिली. बाहेर कुणीतरी पामची फळं कुटत होतं. मुसळ थांबलं, तेव्हा तिला जाणवलं की घरात कसलाच आवाज नाही.

तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. अंग गरम होतं. ठोके पडत होते.

छाती हलत नव्हती.

तिनं हात त्याच्या तोंडाशी नेला.

"अशी काय बघतेस?" डोळे न उघडता तो म्हणाला. "आलोय ना मी."

तिचा तळहात त्याच्या ओठांना जवळजवळ टेकला होता. शब्द आले. हवा आली नाही.