मधलं नाव

क्रिकेटचे तीन स्टंप मोडून तो आमच्या दुकानात आला तेव्हा लाईट गेलेली होती. एकोणीसशे चौऱ्याण्णवचा मार्च. वर पत्रा तापलेला, समोर स्टेशन रोडची धूळ. आमचं दुकान कातकामाचं – खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, नजर अधू झाल्यापासून लेथवर मीच असायचे. त्या दुपारी आबा वखारीत गेले होते.

लेथवर पोरगी दिसली की गिऱ्हाईक आधी बिचकतं, मग मालक कुठायत विचारतं. यानं तसलं काही विचारलं नाही. संध्याकाळी मॅच आहे, होतील का, एवढंच.

मी सांगितलं, मोटार बंद आहे. कोपऱ्यात आज्याच्या वेळचा दोरीचा लेथ आहे, पण त्याला दोन माणसं लागतात. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं पटाशी धरायची.

त्यानं बाह्या दुमडल्या.

"जोर लावा की जरा. झेंडा नाही चढवायचाय."

"असं?"

"असं. तुम्ही ओढलं की मी कापते… सोडलं की थांबते."

"म्हणजे सगळं माझ्या हातात."

"पटाशी माझ्या हातात आहे," मी म्हटलं.

तो हसला. त्याच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर भुसा बसला होता. मी बघत होते, आणि मी बघतेय हे त्यानं बघितलं. पावसात भिजून प्रेमात पडणारे असतील कुणी. आम्हाला ओल्या लाकडाचा वास आणि भुशाची शिंक पुरली.

नाव योगेश. घरचे मूळचे राहात्याचे, शेतीवाले. वडील साखर कारखान्यातून रिटायर झालेले आणि आता सावेडीत बंगला बांधत होते. दर आठवड्याला याचे स्टंप मोडायला लागले. तुमच्या टीममध्ये बोलर आहे की लाकूडतोड्या, मी विचारलं, तर म्हणाला बोलर बरा आहे, मीच मोडतो घरी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही. लाईट असली तरी तो मोटार बंद करायला लावायचा आणि दोरीकडे जायचा. आबा बाहेर ओट्यावर हत्यारांना धार लावत बसायचे. बोलायचे नाहीत, पण चहा तीन कप सांगायचे.

भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो त्यानं पहिल्याच दिवशी बघितला होता. बघूनही पुढच्या आठवड्यात परत आला होता. मला वाटलं, झालं. यापुढं विचारायचं काही उरलं नाही. एकवीस वर्षांची होते मी. मूर्ख नव्हते, पण खूष होते.

मे महिन्यात बंगल्याची वास्तुशांत ठरली. तो म्हणाला, त्या दिवशी आईला सांगतो आपलं. तू तिच्यासाठी काहीतरी कर, तुझ्या हातचं. मासिकातलं एक चित्र आणलं होतं त्यानं – सोफ्याशेजारी जमिनीवर उभा राहणारा दिवा, माणसाच्या खांद्याएवढा, वर कापडाची टोपी.

आबांनी जपून ठेवलेलं शिसव काढून दिलं. माझ्या लग्नातल्या पलंगासाठी ठेवलं होतं ते. बुडाला जड बैठक, वर तीन तुकडे, प्रत्येकाच्या पोटातून वायरीला आरपार भोक. भोक जरा तिरकं गेलं की तुकडा वाया. सगळे तुकडे दोरीवरच कातले. तो ओढायचा, मी कापायचे.

"मधे एवढा बारीक का केलास?"

"उचलून नेताना हात तिथं बसतो."

त्यानं हात तिथं ठेवला. माझा आधीच तिथं होता. दोघांनीही काढला नाही… बाहेर आबांचा दगड घासत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

दिवा जोडून झाला. पॉलिश चढलं. आहेर म्हटलं की नाव आलं; वाटीवरसुद्धा घालतात लोक. मी शेगडीत सळई तापत ठेवली आणि बैठकीवर पेन्सिलीनं लिहिलं – जयमाला भीमराज गायकवाड यांजकडून सप्रेम भेट. सळई लाल झाल्यावर 'जयमाला' डागून काढलं. धूर डोळ्यांत गेला, तशी त्यानं माझ्या पापणीवर फुंकर घातली. आणि म्हणाला,

"एवढं लांब कशाला? जयमाला गायकवाड… पुरे की."

"जागा आहे भरपूर."

"जागेचं नाही गं." तो दिव्याकडे बघत होता. "गायकवाड काय, कुणीही असतं. माझ्या मावशीच्या सासरचे गायकवाडच आहेत. आई काही विचारणार नाही. पण मधलं नाव वाचलं की…"

त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं. आडनाव चालणारं होतं. मी चालणार होते. अडत होता तो माझा बाप. बाबासाहेबांवरून आज्यानं ठेवलेलं नाव, आणि याला ते खरवडून हवं होतं.

"आधी तिला तू आवडू दे," तो म्हणाला. "मग सांगू हळूहळू."

"काय सांगू हळूहळू? मला बाप आहे म्हणून?"

बाहेर दगड थांबला होता. आबा दारात आले. आयुष्यात कुणाचं ऐकून न घेतलेला माणूस, आणि आवाज असा की जणू यांनीच काही चोरलंय.

"ऱ्हाऊ दे पोरी. माझं नाव नको घालू. दिवा तुझा हाय, संसार तुला करायचाय. मी काय… मी हाय हितंच."

तेव्हा योगेश बोलला असता तर. नको आबा, एवढं म्हणाला असता तरी मी त्याचं सगळं पोटात घातलं असतं. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला ते पटलं होतं. सुटल्यासारखा दिसत होता.

"जा तू," मी म्हटलं.

"जया, ऐक ना. उद्या लोक येणारेत, आईला मी सांगितलंय दिवा येतोय…"

"जा."

तो गेला. स्कूटर सुरू होईना. किका मारत राहिला, मान लाल झाली, शर्ट पाठीला चिकटला. आबांना असलं बघवत नाही. धक्का द्यायला ते ओट्यावरून खाली उतरले.

"आबा, बसा."

ते बसले. तो गाडी ढकलत स्टेशनकडे निघाला. त्यानं वळून बघावं असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. बघितलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. कोपऱ्यावरच्या रिक्षांच्या आड गेला तेव्हा मी रडले, आबांच्या समोरच.

आबा म्हणाले, मी पेन्सिल पुसू का?

मी नको म्हटलं. सळई गार झाली होती. ती परत निखाऱ्यात खुपसली, लाल होईपर्यंत थांबले, आणि 'जयमाला'च्या पुढं 'भी' डागायला घेतला.