आठवा पंजा

हे माझ्याच घरच्या माणसाबाबत घडलंय, म्हणून नावगाव सांगत नाही. खोटं वाटलं तर सोडून द्या.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. संग्रहालयाला सुट्टी. वेळ भर दुपारची.

मी तिथे कोरीव दगडांचे कागदावर ठसे घेतो. माझी थोरली बहीण, ताई, माहितीचे फलक लिहिते. त्या आठवड्यात नवा दगड आला होता. माणसाएवढा उंच, हजारो वर्षांपूर्वीचा. त्यावर हाताचे खोल कोरलेले सात पंजे.

कशासाठी कोरले, कुणालाच सांगता येईना.

साहेब म्हणाले, "पूजाविधीसाठी, असं लिहून टाका."

"काही कळलं नाही की तुमची पूजा," ताई म्हणाली. "मी नाही लिहिणार."

साहेब गेल्यावर तिने एका पंजात हात ठेवला. उगाच, मापाला.

"अरे, हा गार नाहीये..." ती म्हणाली. "आत ऊब आहे."

मी तिची थट्टा केली आणि कागद आणायला खाली गेलो. फार तर पाच मिनिटं.

परत आलो तर ताई टेबलाशी बसून फलक लिहीत होती. मी वाकून पाहिलं...

'पूजाविधीसाठी.'

चमत्कारिक वाटलं. ती घरी निघाली. दाराजवळच्या हजेरीच्या मशीनने तिचा अंगठा घेतला नाही. तीनदा लावला, तीनदा लाल दिवा.

मी दगडावर कागद लावून काळी कांडी घासायला घेतली. एकेक पंजा उमटत गेला. सहा... सात...

आठ.

आठव्याची करंगळी वाकडी होती.

ताईची करंगळी वाकडी आहे. लहानपणी मीच तिच्या बोटांवर दार आपटलं होतं.

तेवढ्यात दगडाच्या आतून...

टक टक. जरा थांबून, टक.

मी रुसून आतून कडी लावली की ताई असंच दार वाजवायची.

धावत घर गाठलं. तिने दार उघडलं, हसली, पाण्याचा पेला पुढे केला.

करंगळी सरळ होती.

आईला दाखवलं. "बरं झालं की. मग तोंड का पाडतोस?" आई म्हणाली.

तिला मी अजून ताईच म्हणतो. दुसरं काय म्हणू?

दर मंगळवारी दगडाला कान लावतो, तेच टक टक, जरा थांबून टक ऐकतो. पंजात हात घालायची मात्र छाती होत नाही. मी भित्रा आहे, ताईला ते ठाऊक आहे.

या मंगळवारी बराच वेळ थांबलो...

एकदाच वाजलं.