सहाशे चाळीस मीटर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सुरू केलं की मध्ये बोलायचं नाही. आणि तू, तो फोन पालथा घाल, उजेड डोळ्यांवर येतो. भुतंबितं मी मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे. माझा साडू, तुमचे मास्तरकाका, तेही मानत नव्हते. ही गोष्ट त्यांची. गेल्या नोव्हेंबरातली, नऊ तारीख, शनिवार.

मास्तर कसला, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान त्याचं. पण समजावून सांगायची भारी हौस, म्हणून मास्तर. पंखा दुरुस्तीला टाका, पंखा मिळतो आणि वर अर्धा तास विजेवर भाषण फुकट. सात-आठ वर्षांपूर्वी त्याला त्या जिओकॅशिंगचं वेड लागलं. म्हणजे काय, तर कुणीतरी आडबाजूला एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण हातातलं जीपीएस यंत्र घेऊन तो हुडकायचा. आत वही असते, तीत दोन शब्द नि वेळ लिहायची, डबा होता तिथे ठेवायचा, घरी यायचं. मिळत काही नाही. तुमची मावशी म्हणायची, या माणसाला घरातला स्वतःचा चष्मा सापडत नाही आणि निघालाय डबे शोधायला.

दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो नवशिक्यांना शिकवायचा. यंत्र कसं लावायचं, उघड्यावर उभं राहून उपग्रह कसे पकडायचे, नकाशा नवा कसा करायचा. फळ्यावर सगळ्यात वर एकच वाक्य असायचं: अपडेट करण्याआधी आतलं सगळं उतरवून घ्या. कारण अपडेट करताना विचारणा होते, जुनं ठेवू की पुसू? तिथे घाईत बोट चुकलं की तुम्ही चाललेल्या वाटा, केलेल्या खुणा, सगळं साफ.

त्या शनिवारी वर्गात एक नवीन बाई आल्या. पोस्टमनकाकू. त्यांचे यजमान पोस्टातून रिटायर झालेले आणि या खेळातले मास्तरचे पहिले चेले. मे महिन्यात ते रात्री जेवून खाणीजवळचा डबा शोधायला गेले आणि परत येताना कालव्यावरच्या पुलापाशी त्यांचं हृदय थांबलं. सकाळी दूधवाल्याला सापडले. यंत्र मुठीत तसंच.

काकूंनी पिशवीतून तेच यंत्र काढलं. "ही बघा मास्तर, त्यांची रेघ."

यंत्र चालू ठेवलं की आपण चालू तशी नकाशावर रेघ उमटत जाते. काकूंच्या फाटकापासून निघालेली, कालव्याच्या कडेने, पंपघरावरून, दगडाच्या खाणीपर्यंत. तिथून परत. आणि पुलापाशी थांबलेली. पुलापासून घर किती? सहाशे चाळीस मीटर.

"जाताना म्हणाले, आलोच, बाहेरचा दिवा चालू ठेव. आल्यावर तेच बंद करायचे तो. मी अजून रोज लावते." काकूंनी यंत्र मास्तरच्या पुढे सरकवलं. "मला हे चालवायला शिकवा. एकदा त्यांच्या रेघेवरून चालायचंय मला. पुढचं राहिलंय ना त्यांचं, तेवढं मी चालून पुरं करीन."

 मास्तरने यंत्र हातात घेतलं. कित्येक वर्षांत अपडेट झालेलं नव्हतं, तारीख वीस वर्षांमागची दाखवत होतं, उपग्रह पकडायला अर्धा तास लावत होतं. "आज ठेवून जा काकू," तो म्हणाला. "उद्या सकाळी नवंकोरं करून आणून देतो. रेघेची काळजी करू नका."

संध्याकाळी दुकानात तो वर्गातली सात यंत्रं एकामागून एक लॅपटॉपला लावत बसला. सहा झाली. सातव्याच्या, म्हणजे काकूंच्या यंत्राच्या वेळी तुमच्या मावशीचा फोन आला, येताना साबण आणा. तो हो हो म्हणतोय, पडद्यावर प्रश्न आलाय, आणि बोट सवयीने पुढे गेलं.

पुसलं सगळं.

ज्याने सात वर्षं फळ्यावर ते वाक्य लिहिलं, त्याने आतलं उतरवून घेतलं नव्हतं.  दोन तास खटपट केली, असतील नसतील ते सगळे उपाय केले. हाती काही लागलं नाही. बाईंच्या नवऱ्याची शेवटची पावलं होती ती, आणि मास्तरने ती साबणाच्या नादात पुसून टाकली होती.

तेव्हा त्याच्या डोक्यात ते आलं. शहाणा माणूस, पण लाजेपुढे शहाणपण टिकत नाही. वाट त्याला पाठ होती. आपणच चालायचं. फाटकापासून खाणीपर्यंत, परत पुलापर्यंत, आणि पुलापाशी यंत्र बंद. रेघ तशीच्या तशी दिसेल. तारीखवार बघायला काकूंना कुठे येतंय. यंत्र सकाळी द्यायचं म्हणजे रात्रीच जायला हवं. घरी सांगितलं, गिऱ्हाइकाकडे जाऊन येतो. एका अर्थी खोटं नव्हतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी तो काकूंच्या फाटकाशी उभा होता. बाहेरचा दिवा लागलेला, आत अंधार. त्याने यंत्र चालू केलं आणि चोरासारखा निघाला. अर्धा चंद्र होता. कालव्याला पाणी होतं, पण हलत नव्हतं. पंपघर गेलं. अकराच्या सुमारास खाण आली.

डबा दगडाखाली होता. पोस्टमनकाका गेल्यावर मास्तरने तो यादीतून काढून टाकला होता, त्यामुळे सहा महिने तिथे कुणी फिरकलं नव्हतं. आलोच आहोत म्हणून त्याने वही उघडली. शेवटच्या पानावर शेवटची ओळ जांभळ्या पेन्सिलीची. जिभेला लावून लिहायची ती पेन्सिल, पोस्टातली जुनी सवय. 'सापडला. परत निघालो. ९.१०.' खाली पान कोरं. मास्तरला स्वतःची किळस आली. वही मिटून त्याने डबा दगडाखाली सरकवला आणि परत फिरला.

येताना मागे कुणी आहे असं काही वाटलं नाही. हे त्याने मला दोनदा सांगितलं. काही वाटलं नाही.

अकरा एक्केचाळीसला पूल आला. समोर लांब काकूंच्या घरचा दिवा दिसत होता. मास्तर थांबला. यंत्र बंद करायचं बटण दाबलं.

बंद होईना.

पुन्हा दाबलं. धरून ठेवलं. पडद्यावर एक बाण आला. बाणाखाली शब्द, घर. त्याखाली आकडा, ६४०. त्याने कुठलंही ठिकाण घातलं नव्हतं. घर नावाची खूण तर संध्याकाळीच पुसली गेली होती...

६३२.

यंत्राचे आकडे जरा मागेपुढे होतात, उभ्या उभ्यासुद्धा. पाच-दहा मीटर. हे तो स्वतः वर्गात शिकवायचा. तो हलला नाही.

६१८. ६०१.

मास्तर उभाच होता. रेघ पुढे चालली होती. पुलावरून उतरली. कालव्याची कड सोडून रस्त्याला लागली. धावत नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, सावकाश...

मास्तरने वर पाहिलं. रस्ता मोकळा. चांदण्यात पांढरा. कुणी नाही.

४४०. तिथे थांबली. एक मिनिट. दम खायला थांबावं तशी. मग निघाली.

त्याने मागचं झाकण उघडलं. बॅटऱ्या काढल्या. दोन्ही तळहातावर घेतल्या. पडदा चालूच होता.

२१०.

हाक मारावी असं त्याला वाटलं. कुणाला...

९०.

४०.

१२.

समोर लांब दिवा दिसत होता.

०.

दिवा बंद झाला.

पडद्यावर वेळ होती, ११.५२. मग पडदाही विझला. त्यानंतर मास्तर घरी कसा आला ते त्याला आठवत नाही. साबण मात्र आणला नव्हता, हे तुमच्या मावशीला चांगलं आठवतं.

सकाळी त्याने बॅटऱ्या घालून पाहिलं. रेघ फाटकापर्यंत गेलेली. पुढचा तुकडा लॅपटॉपवर खोडायला दोन मिनिटं लागली असती. खोडला असता तर काकूंना कळलंही नसतं. मास्तरने बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला आणि आठ वाजता काकूंच्या दारात जाऊन उभा राहिला.

काकू पायरीवर उभ्या होत्या. वर दिव्याकडे बघत.

"मास्तर, रात्री हा कुणी बंद केला हो? मी तर उठले नाही."

त्याने सगळं सांगितलं. पुसल्याचं सांगितलं, खोटी रेघ काढायला गेल्याचं सांगितलं, वहीतल्या ओळीचं सांगितलं, पुलाचं सांगितलं. मान खाली घालूनच बोलत होता. काकूंनी त्याच्या हातातून यंत्र घेतलं. एका बोटाने खाणीपासून रेघ धरली. पंपघर... कालवा... पुलापाशी बोट थांबलं. मग पुढे गेलं. हळूहळू फाटकापर्यंत.

"पोचले म्हणजे," काकू म्हणाल्या.

मग डोळ्यांना पदर लावून खाली बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते वाईटच केलंत मास्तर. पण त्या वहीत त्यांचं अक्षर आहे म्हणालात ना? तेवढी मला आणून द्या."

तो तसाच गेला. सकाळचे नऊ, लख्ख ऊन. डबा त्याने ठेवला होता तसाच, दगडही तसाच. वही काढली. तिथे उघडायचा धीर झाला नाही त्याला. काकूंच्या हातात दिली, आणि काकूंनी शेवटचं पान उघडलं.

ती वही काकूंनी मलाही दाखवली आहे, म्हणून सांगतो. आणि एक लक्षात घ्या. पुलावर त्याने पाहिलेली वेळ तोवर मास्तर कुणालाच बोलला नव्हता. काकूंनासुद्धा नाही.

'सापडला. परत निघालो. ९.१०.' आणि त्याच्याखाली, रात्री कोऱ्या असलेल्या जागी, त्याच जांभळ्या पेन्सिलीने, त्याच हाताने...

'पोचलो. दिवा बंद केला. ११.५२.'