शेवटचं कोण?

"शेवटचं कोण?"

त्यानं विचारलं, आणि मी पायरीवरूनच हात वर केला. आमच्या मतान्सास शहरात रांगेत उभं राहावं लागत नाही; आपल्या पुढे कोण आणि मागे कोण एवढं लक्षात ठेवायचं, मग सावलीत खुशाल बसायचं. माझ्या कमरेला ही रीत फार मानवायची. औषधांच्या दुकानाबाहेर दर गुरुवारी आई माझी जागा धरायची. तिला जाऊन चार महिने झाले होते.

"म्हणजे मी तुझ्या मागे," तो म्हणाला. "तू उठून गेलीस तर माझी पंचाईत."

"मग नजर ठेव."

"ती तर... आधीच ठेवलीय."

त्याचं नाव योर्दान. सायकली दुरुस्त करायचा. आजोबांच्या गोळ्या न्यायला यायचा. नखांत कायम काळं वंगण, आणि ओठांच्या आधी डोळे हसायचे. पुढच्या गुरुवारी तो माझ्या आधी येऊनही माझ्या मागे थांबला. पुढे जा म्हटलं तर म्हणाला, "पुढे गेलो तर तू दिसणार कशी?"

तिसऱ्या गुरुवारी त्यानं विचारलं, "शनिवारी नाचायला येशील?"

मी हो म्हटलं. शनिवारी सकाळी बिछान्यातून पाय खाली टेकवेना. निरोप पाठवला – पाहुणे आलेत. पुढच्या शनिवारी पुन्हा पाहुणे.

माइलेन, माझी शाळेपासूनची मैत्रीण, अशीच तुटली होती. दुखतंय म्हणायची लाज वाटायची, म्हणून मी कारणं देत राहिले. शेवटी तिनं बोलावणंच सोडलं. आता योर्दानही जाणार, हे मला दिसत होतं.

गुरुवारी तो आला, माझ्याकडे न बघता भिंतीला टेकला. मग खाडीवरून सर आली, सगळे आडोशाला पांगले, आणि तो... माझ्याच पायरीवर.

"पाहुणे गेले?"

"आलेच नव्हते. पाच वर्षं कंबर दुखतेय. काही दिवस उठताच येत नाही. पूर्ण बरी होईन असं डॉक्टरही म्हणत नाहीत. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून ताईला सगळं नाटक वाटतं."

त्यानं कपाळावरचं पावसाचं पाणी पुसलं.

"सुटलो," तो म्हणाला. "मला वाटलं, मी कसा नाचतो ते तुला कुणीतरी सांगितलं."

मी हसले. हसताना कळ आली, तरी हसले.

त्या संध्याकाळी माइलेनला फोन करून तेच सगळं सांगितलं. ती आधी चिडली. "पाच वर्षं, इदाल्मिस? मला वाटायचं, मी तुला नकोशी झाले." मग विचारलं, "आज कितपत दुखतंय?"

रविवारी ताईचा वाढदिवस होता, गच्चीवर. मी माइलेन आणि योर्दान, दोघांनाही बोलावलं होतं. कमरेनं नेमका तोच दिवस निवडला. पण या वेळी मी कारण शोधलं नाही. गच्चीवर गादी घालायला लावली आणि आडवी झाले.

"सगळे राबतायत आणि राणीसाहेब लोळतायत," ताई म्हणाली.

"दुखतंय, ताई. खाली पडून राहिले असते तर तुझा केक हुकला असता."

आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही. ताई थबकली. मग खाली गेली आणि आईची उशी घेऊन आली. माझ्या गुडघ्यांखाली सरकवत म्हणाली, "आई अशीच ठेवायची ना?"

"हो. अशीच."

माइलेन आली, सरळ गादीवर बसली. मग आत्या, मग शेजारणी. जी ती वाकून गालाचा मुका घ्यायची, बसायची, आणि उठायचं नाव नाही. दुखणं होतंच. पण आज मीही होते.

जिन्यात योर्दान दिसला. पांढरा शर्ट, घासून घासून लाल केलेली नखं. माझ्याभोवतीची गर्दी पाहून थांबला.

"शेवटचं कोण?"

माइलेननं हात वर केला.

"तिच्या मागे नको थांबूस," मी म्हणाले, आणि गादीवर जरा सरकले. "तुझी जागा मी धरून ठेवलीय."