डबीतले बाबा

"दृश्यडबी चित्रपट साठवतच नाही," असं डॉ. उत्तरा देवस्थळी प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. स्वरात थोडी फुशारकी असे, आणि ती रास्तच होती. काडेपेटीएवढी डबी, टीव्हीच्या पाठीत खोचायची, किंमत चपलेच्या जोडाहून कमी, आणि पोटात नेटवरून उतरवलेले दहा हजार चित्रपट! हे जमलं होतं त्यांच्या 'अनुमान-संकोचना'मुळे. कोण, कुठे, काय बोललं एवढाच सारांश डबी ठेवी. बाकी चित्र आणि आवाज दाखवताना अंदाजाने भरून काढी. एवीतेवी बहुतेक चित्रपट एकमेकांसारखेच, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही.

उत्तराबाईंनी सहकाऱ्यांना एक शिस्त लावली होती. प्रत्येकाने घरच्या चित्रफिती डबीत भरायच्या आणि मूळ प्रती पुसून टाकायच्या. आपलाच आपल्या यंत्रावर भरवसा नसेल, तर लोकांनी का ठेवावा? सर्वांत आधी त्यांनीच पुसल्या. त्यांत पाच वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याची, हेमंतची, वर्गात गणित शिकवतानाची फीत होती.

ती त्यांनी लेकीसाठी जपली होती. अकरा वर्षांची शर्वरी बोलताना अडखळे. बाबाही असेच अडखळायचे, तरी वीस वर्षं शिकवलं, हे आईने तिला शंभरदा सांगितलं होतं. शाळेतलं तिचं भाषण दोन दिवसांवर आलं आणि पोर हटून बसली, तेव्हा उत्तराबाईंनी डबी लावली.

पडद्यावर हेमंत घडाघडा बोलत होता.

शर्वरीने शेवटपर्यंत पाहिलं. "बाबा क-कुठे अडखळले?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा सहकारी इरफान मुजावर मान खाली घालून म्हणाला, "बहुतेक माणसं अडखळत नाहीत, मॅडम. डबीने शब्द ठेवले, अडखळणं गोंगाट समजून गाळलं."

"परत घाल."

"मूळ प्रत कुठाय? आपणच पुसली. घरच्या डबीला फार तर जवळच्या नमुन्यावरून अंदाज करायला सांगता येईल."

जवळचा नमुना कुणाचा, हे एरवी त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसतं "कर" म्हटलं.

संध्याकाळी हेमंत फळ्यापुढे 'क'वर थांबला. डोळे मिटले, उजवा खांदा उचलला, मग शब्द सुटला. उत्तराबाईंना रडू फुटलं. "बघितलंस? मी म्हणत होते ना!"

शर्वरीने फीत मागे नेऊन पुन्हा पाहिली. "आई, हे म-मी करते. खांदा माझा आहे."

उत्तराबाईंना इरफानचा 'जवळचा नमुना' आठवला. त्यांच्या डबीत अडखळण्याचा एकच नमुना होता: शर्वरीच्या वाढदिवसांच्या फिती. दर फितीत तेच दिसल्याने तिचं अडखळणं डबीने गोंगाट मानलं नव्हतं.

"अगं, बाबा खरंच अडखळायचे!"

"क-कसे? करून दाखव."

त्यांनी आठवून पाहिलं. पाच वर्षं लोटली होती, आणि नुकताच पाहिलेला हेमंत डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी डोळे मिटले. उजवा खांदा आपोआप वर गेला.

शर्वरीने टीव्ही बंद केला.

"उद्या मी शाळेत ज-जाणार नाही," ती म्हणाली.